डावीकडून तिसरी, अनोळखी

माझ्या आत्यावर अन्याय झाला. कधी, तर यंदाच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी. कुठे, तर एका विद्यापीठाच्या वातानुकूलित सभागृहात, चौदाव्या रांगेत, मधल्या वाटेपासून दुसऱ्या खुर्चीवर. वेळ मी इतकी नेमकी सांगू शकते, कारण त्याच मिनिटाला व्याख्यानमालेच्या कार्यवाह बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून जाहीर केलं की वेळेअभावी आणखी प्रश्न घेता येणार नाहीत. त्यानंतर त्यांनी अकरा मिनिटं आभार मानले. दिवे लावणाऱ्याचे मानले, पडदा ओढणाऱ्याचे मानले, ज्यांनी खुर्च्या पुसल्या त्यांचे 'अदृश्य हात' म्हणून मानले.

आत्याचा गुन्हा एवढाच, की तिला उत्तर माहीत होतं आणि नियमाप्रमाणे तिथे फक्त प्रश्न चालत होते.

ही व्याख्यानमाला दरवर्षी असते. चार गुरुवार, चार वक्ते आणि विषय कायमचा ठरलेला: धर्म, वंश, इतिहास आणि समाज. निमंत्रणपत्रिकेवर 'सर्वांसाठी खुली' असं छापलेलं असतं आणि सभागृहात पहिल्या तीन रांगांच्या खुर्च्यांवर 'निमंत्रित' असे कागद चिकटवलेले असतात. समतेवरचं व्याख्यान मी एकदा त्या कागदांच्या मागे उभं राहून ऐकलं आहे. खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. वक्ते म्हणाले, आपल्या समाजात काही जागा अदृश्यपणे राखीव असतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. बसलं कुणीच नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती पत्रकं वाटायला. आम्ही चौघंजण आहोत, वसतिगृह, शिष्यवृत्ती, ग्रंथालयाच्या वेळा असल्या विषयांवर पत्रकं काढतो. लोक पत्रक अदबीनं घेतात, चष्मा लावून मथळा वाचतात, चार घड्या करतात आणि खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवतात. हळूहळू मी वाटून झाल्यावर आत बसायला लागले. खोटं कशाला सांगू, मला आवडायचं. मोठमोठे शब्द कानावर पडायचे, ते पुढच्या पत्रकात वापरता यायचे.

आता त्या नियमाबद्दल. कधीकाळी इथे श्रोत्यांना माइक द्यायचे. मग म्हणे एका ज्येष्ठ गृहस्थांनी प्रश्न विचारायला माइक घेतला आणि स्वतःचं लहानपण सांगायला सुरुवात केली, ते तिशीपर्यंत पोहोचेतो वॉचमन किल्ल्या घेऊन आला. तेव्हापासून चिठ्ठी. पहिल्या रांगेतून कागदाचे तुकडे मागे सरकवले जातात. सूचना ठरलेली: प्रश्न लेखी द्यावा, एका ओळीत द्यावा, निवेदन करू नये. चिठ्ठ्या कार्यवाह बाईंकडे जातात. त्या व्यासपीठाच्या कोपऱ्यात टेबलाशी बसून दोन गठ्ठे करतात. एका गठ्ठ्यातल्या वाचल्या जातात.

त्या गुरुवारी आत्याला मी घेऊन गेले असं म्हणता येणार नाही. ती आली. आम्ही दोघी वारज्यात राहतो. मी कॉलेजसाठी तिच्याकडे आले ती तिथेच राहिले. मी निघताना ती म्हणाली, "फुकट आहे ना? एसी आहे ना? थांब, साडी बदलते."

आत्याची ओळख करून द्यायला हवी. ती पोस्टात होती. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी पत्ता अपुरा असलेल्या पत्रांच्या टेबलावर. 'सौ. काकूंना, पिठाच्या गिरणीमागे, पुणे' एवढ्यावरून तिनं माणसं शोधून काढली आहेत. तिचं म्हणणं, हरवलेला पत्ता नसतोच, विचारायचा आळस असतो. गल्लीत जाऊन तिघांना विचारलं की चौथा घरात घेऊन जातो.

व्याख्याते परदेशातल्या विद्यापीठातले होते. म्हणजे मूळचे इथलेच, पण तिकडून आल्यामुळे 'पधारले' होते. त्यांचा परिचय पंधरा मिनिटं चालला. परिचय करून देणाऱ्यांनी तीनदा सांगितलं की सरांना परिचयाची गरज नाही. व्याख्यानाचं नाव होतं 'मौनाचा इतिहास'. वंश आणि जात हे दोन आरसे कसे समोरासमोर ठेवलेले आहेत आणि त्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईला स्वतःचा चेहरा कसा दिसत नाही, अशी मांडणी. चांगली होती. मी वहीत उतरवून घेतली.

मग पडद्यावर एक फोटो आला. काळा-पांढरा. दोन हातगाड्या जोडून केलेलं व्यासपीठ, त्यावर पाच बाया उभ्या. डावीकडून तिसरी माइकसमोर, हातात कागद. तिच्या साडीच्या निऱ्या धरून एक लहान मूल, हलल्यामुळे चेहरा पुसट.

सर म्हणाले, "दीक्षेनंतरच्या वर्षांतली ही एक सभा. कुठली, ठाऊक नाही. ही स्त्री कोण, ठाऊक नाही. कधीच कळणार नाही. ती बोलते आहे, पण इतिहासाला ऐकू येत नाही. तिच्या हातातला कागद बघा. कुणीतरी पुरुष कार्यकर्त्यानं लिहून दिलेलं भाषण. आणि हे मूल, चेहरा नसलेलं, हे तिचं मौन पुढच्या पिढीत नेणार आहे."

पुढच्या रांगेत कुणीतरी हलकेच 'वा' म्हणालं. मी 'चेहरा नसलेलं मूल' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या.

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"ही आई," ती म्हणाली. आपला स्टॉप आला म्हणावं तशा आवाजात.

"कुणाची?"

"माझी. आणि ते मौन नेणारं मी."

मी आधी फोटोकडे बघितलं, मग तिच्याकडे. माझी आजी मी जन्माला यायच्या कितीतरी आधी गेली. तिचा म्हणून घरात मी एकच फोटो पाहिला होता, म्हातारपणचा, पासपोर्टच्या आकाराचा. माइकसमोरची ही बाई मी कधीच बघितली नव्हती.

"आत्ता उठ आणि सांग," मी म्हटलं.

"नियम काय आहे?" आत्यानं विचारलं. "चिठ्ठी ना? मग चिठ्ठी."

इथे तिनं चूक केली, आणि ती चूक चौतीस वर्षं सरकारी टेबलावर बसलेल्या बाईकडूनच होऊ शकते. तिनं पुढून आलेला तो बोटभर तुकडा बाजूला ठेवला, माझ्या वहीतून अख्खं पान फाडून घेतलं, मांडीवर पर्स ठेवून त्यावर रीतसर लिहिलं. उजव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव, पत्ता आणि पिनकोड. खाली 'विषय: आपण दाखविलेल्या छायाचित्रातील व्यक्तीच्या नावाबाबत'. मग 'महोदय'. मग दोन वाक्यं: सदर छायाचित्रातील डावीकडून तिसरी महिला माझी आई असून तिचे नाव अमुक आहे. योग्य त्या नोंदीसाठी सविनय सादर. सही. पानाची नीट घडी घालून पुढे पाठवलं. ते पान हातोहात तेरा रांगा पुढे गेलं. मला ते जाताना दिसत होतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. कार्यवाह बाईंनी पहिली चिठ्ठी वाचली: सरांची पुस्तकं भारतात कुठे मिळतात? सरांनी सविस्तर सांगितलं. दुसरी: तरुणांना आपण काय संदेश द्याल? सरांनी संदेश दिला. तिसरी चिठ्ठी वाचून झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं की ती सरांसाठी नव्हती: एसी जरा कमी करावा. एसी कमी करण्यात आला. चौथी होती: या अनोळखी स्त्रीशी आपण संवाद साधू शकला असतात, तर तिला काय विचारलं असतंत? सरांनी पडद्याकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "मी विचारलं असतं, तुझं नाव काय?"

टाळ्या पडल्या. आत्यानं टाळी वाजवली नाही. ती पुढे वाकून बसली, आता आपलीच चिठ्ठी, या अंदाजानं.

आणि सात बावन्न झाले.

बाहेर चहा होता. आत्या सरळ कार्यवाह बाईंपाशी गेली. बाई साठीच्या, रेशमी साडी, कुठल्याशा कॉलेजच्या निवृत्त उपप्राचार्य. आत्याच्या आधी दोघीजणी त्यांच्याशी बोलून गेल्या, त्यांना बाई 'मॅडम' म्हणाल्या. आत्याला म्हणाल्या, "बोला मावशी."

"माझी चिठ्ठी वाचली नाहीत."

"कुठली हो? अच्छा, ती मोठी? मावशी, तो प्रश्न नव्हता. ते निवेदन होतं."

"सरांनी विचारलं तिचं नाव काय. मी नाव लिहिलं होतं."

"हो, पण सरांनी ते नंतर विचारलं ना. आणि तुम्ही प्रश्नाच्या स्वरूपात दिलं असतं तर..."

"प्रश्नाच्या स्वरूपात म्हणजे कसं? ही माझी आई आहे का?"

बाईंना हे विनोदासाठी म्हटलंय की काय ते कळलं नाही. त्या हसल्या. आत्या हसली नाही. "आणि अहो, मला मावशी म्हणणाऱ्या दोन भाच्या आहेत," ती म्हणाली. "तुम्ही तिसऱ्या कधीपासून?"

मी सरांना गाठलं. त्यांच्याभोवती फोटो काढून घेणाऱ्यांचं रिंगण होतं. मी आत्याला पुढे केलं, एका दमात सांगितलं. सरांनी आत्याचे दोन्ही हात हातात घेतले. खरोखर भारावले होते, हे मला मान्य आहे. "हे विलक्षण आहे," ते म्हणाले. "मला मेल करा. लगेच करा. पुस्तक प्रेसमध्ये जातंय आणि हाच फोटो मुखपृष्ठावर आहे."

मग त्यांनी आत्यासोबत फोटो काढून घेतला. त्यांच्या मोबाइलवर. आत्याचं नाव न विचारता.

घरी आल्यावर आत्यानं कपाटातून पेन्शनच्या कागदांची फाइल काढली. रेशनकार्ड, सेवापुस्तिकेच्या झेरॉक्स, आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत तोच फोटो. कोपरे झिजलेले. मागे निळ्या शाईत, मोठ्या वाटोळ्या अक्षरांत आजीचं नाव, पूर्ण, आडनावासकट.

"कुणी लिहिलं?"

"मी. चौथीत असताना. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणाली, आता तुला येतंय तर माझं नाव कुठेतरी लिही."

"आणि हातातला कागद? भाषण?"

"कसलं भाषण. नळाचा अर्ज तो. वस्तीला एक नळ, तोही वखारीच्या मागे. बायांचे अंगठे आहेत त्यावर. साहेब येणार होता त्याला द्यायला धरला होता. ती काय म्हणाली तेही मला पाठ आहे, घरी शंभरदा म्हणून दाखवायची: विहार बांधला, वंदना रोज होते, पाणी मात्र दिवसाआड येतं. आता पाण्यालाही दीक्षा द्यायची का?"

मी हसले. मग मला माझ्या वहीतल्या त्या दोन रेघा आठवल्या आणि हसू पुरतं गेलं.

मेल मी लिहिली. आत्यानं सांगितलं तशी, विषय, संदर्भ, सोबत फोटोच्या दोन्ही बाजू. पाचव्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्या भावना पोहोचल्या' अशी सुरुवात.

"भावना कुठे पाठवल्या?" आत्या म्हणाली. "मी माहिती पाठवली."

पुढे लिहिलं होतं की फोटोच्या मागचं हस्ताक्षर नंतरच्या काळातलं असू शकतं, त्यामुळे समकालीन पुरावा म्हणून ते धरता येणार नाही.

"नंतरचंच आहे," आत्या म्हणाली. "लिही त्यांना, चार-पाच वर्षांनी मीच लिहिलंय."

"असं लिहायला नको. पुरावा जाईल," मी म्हटलं.

"खोटं लिहून आईचं नाव लावायचं?"

मी खरं लिहिलं. सरांचं उत्तर तासाभरात आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण यामुळे आता हे साधन दुय्यम ठरतं. अन्य स्वतंत्र साक्ष आहे का?

आत्यानं पर्स उचलली. "चल, गल्लीत विचारू."

आजी कांदा निवडायला जायची. तेव्हा घाऊक बाजार पेठेत होता, मार्केट यार्ड नंतर झालं, आणि बाजाराबरोबर बायाही तिकडे सरकल्या. रविवारी सकाळी आम्ही मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला उतरलो. आत्यानं पहिल्या चहाच्या टपरीवर विचारलं, मग एका हमालाला, मग पालेभाजीच्या गाळ्याबाहेर बसलेल्या बाईला. ती बाई आम्हाला एका दोन खोल्यांच्या घरात घेऊन गेली. आत कॉटवर एक नव्वदीला टेकलेली आजी बसली होती, लसूण सोलत.

आत्यानं फोटो तिच्या हातात दिला आणि काही बोलली नाही. मला डोळ्यांनी दटावलं, तूही बोलू नकोस.

म्हातारीनं फोटो डोळ्यांशी नेला. "अगं बया. ही तर," आणि तिनं आजीचं नाव घेतलं. नुसतं नाही, आडनावासकट, आणि वर कांद्याच्या वखारीत तिला काय म्हणायचे तेही. "लई तोंडाळ. हिला माइक कशाला दिलावता कुणास ठाऊक, हिचा आवाज पार वखारीच्या टोकाला जायचा. मुकादम लपून बसायचा हिला बघून."

"आजी, या फोटोत आणखी कोण ओळखू येतं?" मी विचारलं.

"ही शेवटची मी हाय की. अशी तोंड फिरवून का उभी? कारण ही बोलत सुटली ती थांबंना, आन् माझी चूल पेटलेली घरी." मग ती आत्याकडे वळली. "आन् तू ती निऱ्या ओढणारी व्हय गं? फोटो काढंपर्यंत एक मिनिट नीट उभी राहिली न्हाईस. सगळ्यांनी सांगितलं हलू नगो."

आत्या त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मी सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि पाठवलं.

इथे मला माझंही सांगावं लागेल, कारण या प्रकरणात चुकणारे सगळे व्यासपीठावरच होते असं नाही. त्या आठवड्यात मी पत्रक काढलं. चिडून काढलं, एका बैठकीत लिहिलं. मथळा होता 'अनोळखी श्रमिक स्त्रीच्या आवाजाचा खून'. खाली विद्यापीठीय सत्ता, ज्ञानाची मक्तेदारी, मौन लादणारी व्यवस्था, सगळं होतं. चौघांनाही फार आवडलं. झेरॉक्सच्या दुकानातून गठ्ठा घेऊन घरी आले आणि वरची प्रत अभिमानानं आत्याच्या ताटाशेजारी ठेवली.

तिनं जेवण थांबवून दोन्ही बाजू वाचल्या. "खून कुणाचा झाला?"

"अगं, ते प्रतीक आहे."

"बरं. आणि नाव कुठंय?"

मी म्हटलं, पत्रकात व्यक्तीपेक्षा मुद्दा मोठा असतो. एका बाईचं नाव दिलं की प्रश्न खाजगी होतो. ती अनोळखी राहिली की हजारो बायांची प्रतिनिधी होते.

"हो का," आत्या म्हणाली. "मग त्या सरांचं काय चुकलं?"

मी वाद घातला. बराच घातला. ती जेवत राहिली. हात धुऊन आल्यावर तिनं गठ्ठ्यातला मधला एक कागद ओढून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे तू लिहिलंस, तिला बोलू दिलं गेलं नाही. मार्केट यार्डातल्या आजीला रविवारी विचारलंस ना? आईला थांबवता येत नव्हतं म्हणाली." मग म्हणाली, "फोटो दाखवून ते जे बोलले, तेच तू फोटो न दाखवता छापलंस. कागद पाठकोरा तरी ठेवायचास. वाण्याच्या यादीला झाला असता."

पाठकोरा नव्हता. तो गठ्ठा आम्ही रद्दीत दिला.

महिनाअखेरीला समितीच्या कचेरीत आम्हाला बोलावलं. कार्यवाह बाई होत्या, त्यांच्यासमोर लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये सर, त्यांच्या मागे पुस्तकांचं कपाट. बाईंनी आधी एक फाइल उघडून दाखवली. आत्याची चिठ्ठी त्यात लावलेली होती, पंच करून, वर शिक्का: 'निवेदन'. "मी टाकून दिली नव्हती हं," त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, आवाज खाली आणून, "वाचायला हवी होती." या वेळी मावशी म्हणाल्या नाहीत. आत्यानं मान हलवली. मला वाटतं, फाइलला लावलेला कागद बघून तिला जरा बरं वाटलं असावं.

सर फारच नम्र होते. रेकॉर्डिंग त्यांनी दोनदा ऐकलं होतं. "अत्यंत समृद्ध आहे. पण ही स्मृती आहे, ताई. स्मृती म्हणजे इतिहास नव्हे."

मी म्हटलं, "सर, गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत आपण सांगितलं होतंत की कागद खोटं बोलतात आणि म्हाताऱ्यांची आठवण हाच वंचितांचा दस्तऐवज. माझ्याकडे लिहून घेतलंय."

"ते सैद्धांतिक पातळीवर," सर म्हणाले. "इथे प्रश्न पडताळणीचा आहे. त्या आजी स्वतः फोटोत आहेत, असा त्यांचा दावा आहे. त्याला तरी स्वतंत्र आधार काय?"

"त्यांचं तोंड," आत्या म्हणाली. "जाऊन बघा. रिक्षानं वीस मिनिटं."

सरांनी तोडगा काढला होता. मुखपृष्ठावरच्या फोटोची ओळ तशीच राहील: अनोळखी श्रमिक स्त्री. पुस्तकाच्या शेवटी टिपांमध्ये, बारीक अक्षरात, येईल: 'स्थानिक कुटुंबाच्या दाव्यानुसार या स्त्रीची ओळख सांगितली जाते.'

"म्हणजे नाव?" आत्यानं विचारलं.

"नाव देणं या टप्प्यावर जोखमीचं ठरेल."

"माझी आई हा माझा दावा आहे?"

"तसं नव्हे. पारिभाषिक शब्द आहे." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते खरोखर थकले होते, आणि त्या थकव्यात खरं बोलून गेले. "ताई, माझी अडचण समजून घ्या. पूर्ण तिसरं प्रकरण त्या स्त्रीच्या अनोळखी असण्यावर उभं आहे. तिला नाव दिलं, कागद नळाचा अर्ज निघाला, मूल चौदाव्या रांगेत बसलेलं निघालं, की प्रकरणच कोसळतं."

"मग पाडा," आत्या म्हणाली.

लॅपटॉपमधल्या सरांनी चष्मा परत लावला. कार्यवाह बाई फाइलीची दोरी बांधत राहिल्या. आत्या उठली, नमस्कार केला, तोही दोघांना वेगवेगळा, आणि आम्ही जिना उतरलो. खाली बसची वाट बघताना मी म्हटलं की आता मीच नाव छापते. लेख लिहिते, आजीचं नाव मथळ्यात टाकते, बघते काय करतात.

"नाही," आत्या म्हणाली. "तू छापलंस की ते म्हणतील, आलं की नाव छापून, आता काय राहिलं. नाव जिथून काढलंय तिथे आधी लागू दे. मग तुला हवं तिथे लाव."

म्हणून या लेखात नाव नाही. माझ्या आजीचं नाही, आणि मग कुणाचंच नाही. वाचताना तुमची गैरसोय झाली असेल. होऊ दे.

आठ दिवसांपूर्वी कार्यवाह बाईंचा फोन आला. त्यांनी स्वतःहून केला. पुस्तकाची पहिली छपाई झाली, जुन्याच ओळीसह. पण प्रकाशक म्हणतोय, वाचकांकडून काही आलं तर दुसऱ्या छपाईत बदलू, कुटुंबाच्या पत्रावर बदलणार नाही, वाचकांची मागणी हवी. बाई म्हणाल्या, "मी सांगितलं असं कुणाला सांगू नका." मी त्यांचं नाव सांगत नाहीये.

तेव्हा आता तुमच्याकडे वळते. तुम्ही हे वाचताय, म्हणजे पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी आहात. बुधवार पेठेतल्या दुकानांत हे पुस्तक दर्शनी मांडणीत लागेल, 'मौनाचा इतिहास', वर पाच बाया आणि एक हललेलं मूल. ते उचला. पैसे देण्याआधी आतलं पान उघडून मुखपृष्ठावरच्या फोटोची ओळ वाचा. 'अनोळखी' असं छापलेलं असेल तर पुस्तक काउंटरवर परत ठेवा. गुपचूप ठेवू नका. हिचं नाव माहीत असलेली माणसं याच शहरात राहतात, नाव छापा, मग घेतो, असं दुकानदाराला सांगा, मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि घरी गेल्यावर तेच एका ओळीत प्रकाशकाला लिहून कळवा, खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि पत्ता घालून.